नास्तिकाच्या तोंडी देवाचे नाव : मराठी उद्गारांचा एक भाषाशास्त्रीय विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

देवाचे अस्तित्व न मानणारा एखादा गृहस्थ जिना उतरताना शेवटच्या पायरीवर चुकतो, त्याचा तोल जातो, आणि सावरता सावरता त्याच्या तोंडून ‘अरे देवा!’ असे निघते. बरोबर असलेला स्नेही हसून म्हणतो, “काय, शेवटी आठवलाच ना देव!” गृहस्थ ओशाळतो, किंवा “ती एक सवय आहे,” असे म्हणून विषय टाळतो. हा प्रसंग इतका परिचयाचा आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही.

तथापि या थट्टेच्या मुळाशी एक अनुमान आहे, आणि ते अनुमान भाषेविषयीचे आहे. ज्याच्या तोंडी देवाचे नाव येते त्याच्या मनात देव असलाच पाहिजे. निदान संकटाच्या क्षणी, बुद्धीचा पहारा ढिला झाला असता, मनाच्या तळाशी असलेली श्रद्धा जिभेवर येते, असे हे अनुमान सांगते. श्रद्धावान मनुष्य ते आनंदाने करतो. कडवा नास्तिकही ते वेगळ्या रीतीने मान्यच करतो. कारण असे उद्गार आपल्या बोलण्यातून प्रयत्नपूर्वक काढून टाकले पाहिजेत, नाहीतर आपल्या विचारात व उच्चारात विसंगती राहील, असे त्याला वाटते. दोघांचेही गृहीत एकच आहे : शब्दात जो अर्थ एके काळी होता तोच त्या शब्दाच्या प्रत्येक उच्चारात हजर असतो.

हे गृहीत कितपत टिकते हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न केवळ थट्टेचा नाही. बोलीचे नमुने गोळा करणाऱ्या अभ्यासकास वक्त्याच्या शब्दांवरून त्याच्या श्रद्धेविषयी काही निष्कर्ष काढता येतो की नाही, हा पद्धतीचा प्रश्न त्यात आहे. आणि एखाद्या मनुष्याने विशिष्ट धार्मिक शब्द उच्चारण्यास नकार दिला तर तो नकार क्षुल्लक मानावा की गंभीर, हा न्यायाचा प्रश्नही त्यात आहे.

२. उद्गाराचे वाक्यातील स्थान

मराठी व्याकरणकारांनी अशा शब्दांस केवलप्रयोगी अव्यये म्हटले आहे. मनातील भावना एकदम प्रकट करणारे, वाक्यातील इतर पदांशी कर्ता, कर्म, विशेषण इत्यादी कोणत्याही नात्याने न जोडलेले, केवळ स्वतःपुरते उभे असणारे, असे हे शब्द होत. ‘अबब’, ‘अरेरे’, ‘छे’ यांच्या पंक्तीतच ‘रामराम’, ‘शिव शिव’ ही नावे शालेय व्याकरणातही बसविलेली आढळतात. या वर्गीकरणात एक मर्म आहे. ‘अबब’ या शब्दाला उद्गारावाचून दुसरा व्यवसाय नाही. ‘राम’ हे मात्र मुळात नाम आहे, आणि उद्गाराचे काम त्याने मागाहून पत्करले आहे. फेलिक्स अमेका यांनी १९९२ साली केवलप्रयोगी शब्दांविषयी जे विवेचन केले त्यात मूळचे उद्गार आणि साधित उद्गार असा भेद स्पष्ट केला आहे. देवादिकांची नावे दुसऱ्या वर्गात मोडतात.

या दुसऱ्या वर्गात देव एकटा नाही. ठेच लागली असता मराठी मनुष्य ‘आई गं!’ म्हणतो, मोठी रक्कम ऐकून ‘बाप रे!’ म्हणतो. ज्याची आई वीस वर्षांपूर्वी वारली आहे तोही ठेच लागताच ‘आई गं!’ असेच म्हणतो, आणि त्याने मृत मातेस हाक मारली असे कोणी समजत नाही. साठी उलटलेला मनुष्य बटाट्याचा भाव ऐकून ‘बाप रे!’ म्हणतो तेव्हा तो वडिलांकडे दाद मागत नसतो. या उद्गारांचे रूप संबोधनाचे आहे. परंतु ज्याला संबोधले तो ऐकत आहे, किंवा अस्तित्वात आहे, अशी अट त्या रूपामागे उरलेली नाही. आईच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांना मान्य असते. देवाच्या बाबतीत तीच गोष्ट मान्य करताना मात्र मन अडखळते, याचे कारण भाषेत नसून वादाच्या विषयात आहे.

३. प्रार्थना आणि उद्गार यांतील भेद

असे असले तरी ‘देवा’ हा शब्द प्रत्येक वेळी रिकामाच असतो, असेही म्हणता येत नाही. रुग्णाच्या उशाशी बसलेली माता ‘देवा!’ म्हणते ती हाक असू शकते. तेव्हा हाक कोणती व उद्गार कोणता, हे ओळखण्यास वक्त्याच्या मनात डोकावण्याची गरज नसलेल्या, केवळ भाषिक अशा काही कसोट्या हव्यात. मराठीत अशा निदान तीन कसोट्या सापडतात.

पहिली कसोटी क्रियापदाची. ‘देवा, माझ्या लेकराला वाचव’ या वाक्यात संबोधनापाठोपाठ द्वितीय पुरुषी क्रियापद येते आणि त्याचा कर्ता देव असतो. ‘अरे देवा! दूध उतू गेलं’ या बोलण्यात पुढील वाक्य देवाला उद्देशून नाही. स्त्रियांच्या बोलण्यात हा भेद विशेष ठळक होतो. ‘अरे देवा! अगं, दार उघडंच राहिलं की!’ असे एक स्त्री दुसरीस म्हणते. येथे ‘अरे’ आणि ‘अगं’ ही दोन संबोधने लागोपाठ आली आहेत; सांगावयाची गोष्ट ‘अगं’च्या वाट्याला गेली आहे, आणि ‘अरे’च्या वाट्याला काहीच आलेले नाही. देवाला हाक मारून त्याला काहीच सांगावयाचे नाही, ही हाकेची रीत नव्हे.

दुसरी कसोटी रूपाच्या स्थिरतेची. प्रार्थनेत संबोधन बदलता येते, वाढविता येते. त्याला विशेषणे जोडता येतात. आदराचा दर्जाही बदलता येतो. भक्त ‘देवा, दयाळा, मायबापा’ अशी मालिका रचू शकतो. उद्गारास ही मोकळीक नाही. बस चुकली असता कोणी ‘अहो दयाळू देवा!’ म्हणत नाही; म्हटलेच तर ते विनोदाने. उद्गाराचे रूप गोठलेले असते.

तिसरी कसोटी नावाच्या निवडीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. मनुष्याची भक्ती ज्या दैवतावर असते त्याचेच नाव उद्गारात यावे, असे अनुमानाने वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. गणपतीचा निस्सीम उपासकही दचकला असता सामान्यतः ‘अरे देवा’ किंवा ‘अरे रामा’ म्हणतो. ‘शिव शिव!’ हा शिसारीचा उद्गार विष्णुभक्ताच्या तोंडीही येतो, आणि खंडोबाचा भक्त ‘हरी हरी’ म्हणतो. उद्गारात कोणते नाव यावे हे वक्त्याच्या उपासनेने ठरत नसून भाषेच्या परिपाठाने ठरते. याउलट, जेथे नाव उपासनेनुसार बदलू लागते, एक ‘विठ्ठला’ म्हणतो, दुसरा आपल्या गुरूचे नाव घेतो, तिसरी कुलदेवीचा धावा करते, तेथे प्रार्थना जागी आहे असे खुशाल समजावे. आस्तिकाचाही उद्गार जर त्याच्या उपासनेचा साक्षीदार नसेल, तर नास्तिकाचा उद्गार त्याच्या गुप्त श्रद्धेचा साक्षीदार कसा ठरावा?

या संदर्भात द्विरुक्त उद्गारांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. ‘राम राम राम!’, ‘शिव शिव!’, ‘हर हर!’ यांत नावास संबोधनाचा प्रत्ययही लागलेला नाही. ‘रामा’, ‘शिवा’ अशी ही रूपे नाहीत. ही हाक नव्हेच. हा नामजपाचा तुकडा आहे. अभद्र काही ऐकले वा पाहिले असता पवित्र नाव उच्चारून तो विटाळ धुऊन काढावा, ही कल्पना या उद्गारांच्या मुळाशी स्पष्ट दिसते. कालांतराने धुण्याची क्रिया मागे पडली आणि विटाळाची भावना तेवढी उरली. म्हणजे पवित्र नाव हेच शिसारीचे चिन्ह बनले. ‘राम राम’ हे शब्द एका सुरात म्हटले असता अभिवादन होते, आणि मान हलवीत उतरत्या सुरात म्हटले असता धिक्कार होतो. दोन्ही ठिकाणी शब्द तोच; भेद करतो तो सूर.

४. अर्थक्षयाची वाट

शब्द वारंवार वापरला गेला की त्याचा मूळचा भरीव अर्थ झिजतो आणि त्याच्याकडे एखादे लहानसे, पण नेमके, भाषिक काम उरते. फ्रेंच भाषापंडित आंत्वान मेये यांनी १९१२ साली व्याकरणिक रूपांच्या उत्क्रांतीविषयी लिहिताना या झिजेचे महत्त्व दाखवून दिले. धार्मिक शब्द या नियमास अपवाद नाहीत.

मराठीत ‘राम’ या नावाची वाटचाल या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘त्या नाटकात काही राम नाही’ येथे राम म्हणजे सत्त्व. ‘त्याने राम म्हटला’ येथे मरण. ‘नोकरीला रामराम ठोकला’ येथे त्याग. ही वाक्ये कोणत्याही मताचा मराठी मनुष्य वापरतो, आणि ‘या युक्तिवादात राम नाही’ असे एखादा नास्तिक म्हणाला तर त्यात त्याला वा श्रोत्याला काही वावगे वाटत नाही. शुभारंभास ‘श्रीगणेशा’ म्हणणे हाही त्याच जातीचा प्रयोग होय.

परधर्मातून आलेल्या शब्दाचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. ‘तोबा’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ पापाबद्दल पश्चात्ताप करून ईश्वराकडे वळणे. मराठीत तो प्रथम ‘तोबा तोबा!’ असा कंटाळ्याचा व नकाराचा उद्गार झाला, आणि पुढे ‘तोबा गर्दी’ या शब्दप्रयोगात निव्वळ परिमाणदर्शक विशेषण झाला. आषाढी एकादशीस पंढरपुरात तोबा गर्दी होते, असे वाक्य मराठी मनुष्य सहज लिहितो. इस्लामी धर्मविचारातील एका मूलभूत संकल्पनेने वारीचे वर्णन आपण करीत आहो, अशी शंकाही त्याला स्पर्श करीत नाही.

‘देव जाणे’ या प्रयोगात अर्थक्षयाने एक गमतीदार वळण घेतले आहे. शब्दशः पाहिले तर हे विधान असे सांगते की, ही गोष्ट कोणास तरी ठाऊक आहे. प्रत्यक्ष उपयोग मात्र ‘ही गोष्ट कोणालाच ठाऊक नाही’ असे सुचविण्यासाठी होतो. ‘तो कधी येईल देव जाणे’ या वाक्यात ‘देव’च्या जागी ‘कोण’ घातले तरी अर्थ रेसभरही बदलत नाही. काटेकोर तर्काने पाहू गेल्यास हा वाक्प्रयोग त्याच्या रूढ अर्थाने आस्तिकापेक्षा नास्तिकाच्याच तोंडी अधिक शोभतो.

जे लोक असे शब्द टाळण्याचा निश्चय करतात त्यांचीही भाषा फार दूर जाऊ देत नाही. ‘देवाच्या कृपेने अपघातातून वाचलो’ असे न म्हणता विवेकवादी मनुष्य ‘सुदैवाने वाचलो’ असे म्हणतो. परंतु ‘दैव’ हा शब्द ‘देव’ या शब्दापासूनच साधलेला आहे. जे देवाकडून येते ते दैव. विज्ञानविषयक निबंधातही ‘दुर्दैवाने हा प्रयोग यशस्वी झाला नाही’ असे वाक्य असते, आणि तेथे त्याची कोणी दखल घेत नाही. पुढच्या दाराने घालविलेला देव व्युत्पत्तीच्या मागच्या दाराने परत आला, पण येताना तो देव राहिला नाही. केवळ क्रियाविशेषण झाला.

ही स्थिती मराठीपुरती नाही. रशियन भाषेत आभार मानण्याचा नित्याचा शब्द ‘स्पासीबो’ हा ‘देव रक्षण करो’ अशा अर्थाच्या शब्दांचा संकोच आहे, आणि रविवारास त्या भाषेत ‘पुनरुत्थान’ या अर्थाचेच नाव आहे. सोव्हिएट राज्याने १९१७ नंतर निरीश्वरवादाचा अधिकृत पुरस्कार केला, १९२९ पासून काही वर्षे आठवड्याची रचनाही बदलून पाहिली. परंतु आभाराचा शब्द व वाराचे नाव ही दोन्ही टिकून राहिली. इंग्रजी भाषेतील निरोपाचा शब्द ‘गुडबाय’ हा ‘देव तुमच्यासमवेत असो’ या आशीर्वादाचे झिजलेले रूप होय. त्याचाही उरलेला तुकडा ‘बाय’ आज मराठी घरातील तान्ह्या मुलास हात हलवून म्हणावयास शिकवितात. ती प्रार्थना आहे असे शिकविणाऱ्यास वाटत नाही, आणि त्याचे वाटणे बरोबर आहे. अलीकडील तरुणांच्या बोलण्यातील ‘ओ माय गॉड’ हेही असेच : तो उद्गार घेताना कोणी त्यामागील ख्रिस्ती श्रद्धा घेतलेली नाही.

५. अनैच्छिक वाणी

येथे एक आक्षेप संभवतो. अर्थ झिजला हे खरे. पण भीतीच्या क्षणी नेमके तेच शब्द का यावेत? त्या क्षणी खोलवर दडलेली श्रद्धाच वर येत नसेल कशावरून?

या आक्षेपाचे उत्तर काही अंशी मेंदूच्या अभ्यासातून मिळते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचे वर्णन केले त्याची वाणी जवळजवळ नष्ट झालेली होती. ‘टँ’ या एका अक्षराखेरीज त्याला बोलता येत नसे. तथापि संताप अनावर झाला म्हणजे देवाच्या नावाचा एक असभ्य शपथोद्गार त्याच्या तोंडून निघे. पुढे ब्रिटिश मज्जातंतुवैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अशा रुग्णांच्या निरीक्षणावरून विधान करणारी ऐच्छिक वाणी आणि आपोआप निघणारी वाणी असा भेद केला. नवे वाक्य रचण्याची शक्ती गेली तरी शपथा, शिव्या, उद्गार, पाठ केलेल्या प्रार्थना आणि ओळीने म्हणावयाचे अंक पुष्कळदा शाबूत राहतात. म्हणजे आकस्मिक उद्गार हे विधान करणाऱ्या यंत्रणेतून निघत नसून पाठांतराच्या यंत्रणेतून निघतात. श्रद्धा हे एक विधान आहे. ‘देव आहे’ असे ते सांगते. ज्या वाणीत विधानच नाही तीवरून विधानाचा पुरावा काढता येत नाही.

मग हे शब्द काय दाखवितात? ते वक्त्याची जडणघडण दाखवितात. मूल उद्गार शिकते ते धर्म समजण्याच्या फार आधी, आईच्या व आजीच्या तोंडून, भांडे पडल्याच्या व कोणी अचानक आल्याच्या प्रसंगी. म्हणूनच हिंदू घरात वाढलेला नास्तिक ‘अरे देवा’ म्हणतो, मुसलमान घरात वाढलेला नास्तिक ‘या अल्ला’ म्हणतो, आणि सहसा याच्या उलट घडत नाही. दोघांनीही ईश्वर सारखाच नाकारला आहे. पण दोघांची बालपणे वेगळी आहेत. उद्गार हा मनुष्याच्या मतांचा दाखला नसून त्याच्या घराचा पत्ता आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७८ साली अशा उद्गारांविषयी आणखी एक मुद्दा मांडला. मनातील भावना उतू जाऊन हे शब्द बाहेर पडतात, एवढेच नव्हे, तर आसपासच्यांना आपली स्थिती कळविण्याचे कामही ते करतात. वाटेत अडखळलेला मनुष्य उद्गार काढतो तेव्हा ‘झाले ते माझ्याही ध्यानात आले आहे, मी भानावर आहे,’ असे तो पाहणाऱ्यास कळवीत असतो. हे काम होण्यासाठी उद्गार सर्वांना ओळखता येईल असाच हवा. स्वतःच्या मतांशी सुसंगत असा नवाच उद्गार कोणी घडविला तर तो कळणार कोणास? तेव्हा ‘अरे देवा’ म्हणणारा नास्तिक देवाशी बोलत नसून शेजाऱ्याशी बोलत असतो, आणि शेजाऱ्याच्या भाषेत बोलत असतो.

६. अर्थ जागा होतो ती स्थळे

येथवरच्या विवेचनावरून नास्तिकाच्या तोंडचे सर्वच धार्मिक शब्द निरर्थक झाले आहेत असा निष्कर्ष काढणे मोह पाडणारे आहे. पण ते चुकीचे होईल. जो मनुष्य ‘अरे देवा’ सहज म्हणतो तोच एखाद्याच्या निधनानंतर ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’ हे वाक्य लिहिताना थबकतो. ‘श्रद्धांजली’ऐवजी ‘आदरांजली’ हा शब्द जाणीवपूर्वक निवडणारेही आढळतात. ‘आईशप्पथ, काय फटका मारला!’ असे मैदानावर ओरडणारा मनुष्य गंभीर वचन देताना ‘देवाची शपथ घेऊन सांगतो’ असे म्हणण्यास तयार होत नाही. हा ढोंगीपणा नव्हे. हे भाषेचे सूक्ष्म भान आहे.

यांतील फरक जे. एल. ऑस्टिन यांच्या विचाराच्या आधारे स्पष्ट होतो. त्यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने शब्दांनी केल्या जाणाऱ्या कृतींविषयी आहेत. उद्गाराने वक्ता कोणाला काही देत नाही व स्वतःलाही कशाने बांधून घेत नाही. आशीर्वादाने तो श्रोत्यास काही देतो. शपथेने तो स्वतःस बांधून घेतो. जेथे शब्द ही अशी कृती असते तेथे त्या कृतीस आधार देणारा अर्थ झिजलेला असून चालत नाही. ज्याच्या साक्षीने शपथ घ्यावयाची तो साक्षीदारच नसेल तर शपथ कसली?

हा प्रश्न इतिहासात एकदा अतिशय उग्र रूपाने उभा राहिला. १८८० साली नॉर्दॅम्प्टन मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेले चार्ल्स ब्रॅडलॉ हे प्रकट नास्तिक होते. ईश्वराची शपथ न घेता केवळ प्रतिज्ञा करण्याची परवानगी त्यांनी मागितली. ती नाकारण्यात आली. तेव्हा शपथेचे शब्द उच्चारण्यास ते तयार झाले. मात्र त्यांतील ईश्वरविषयक शब्दांना आपल्या लेखी अर्थ नाही, हे त्यांनी लपविले नाही. सभागृहाने तेही नाकारले. ज्याला शब्द पोकळ वाटतात त्याने ते उच्चारणे ही शपथेची विटंबना होय, असा विरोधकांचा पक्ष होता. ब्रॅडलॉ यांना काही काळ घड्याळाच्या मनोऱ्यात अटकेतही ठेवण्यात आले. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. १८८६ मध्ये त्यांना आसन मिळाले. आणि १८८८ च्या कायद्याने शपथेऐवजी प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना उपलब्ध झाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास उपस्थित होते.

भारतीय संविधानाने हा वाद उद्भवूच दिला नाही. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे जे नमुने दिले आहेत त्यांत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, आणि १९६९ च्या शपथ अधिनियमाने साक्षीदारासही ती मोकळीक दिली आहे. कायदा उद्गाराकडे लक्ष देत नाही, पण शपथेकडे देतो. भाषाशास्त्राने काढलेली रेषा आणि कायद्याने ओढलेली रेषा एकाच जागी पडावी, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येणार नाही.

७. अर्थ कोणासाठी झिजला?

उद्गार आणि शपथ या दोन टोकांच्या मध्ये अभिवादन येते, आणि या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न तेथेच उपस्थित होतो. ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनॉव्स्की यांनी १९२३ साली दाखविले की, अशा शब्दांचे काम माहिती देणे हे नसून माणसामाणसांतील संबंध जुळविणे व टिकविणे हे असते. या न्यायाने ‘राम राम’ म्हणजे भेटीची खूण, इतकेच. ते म्हणणारा नास्तिक रामाला अवतार मानतो असे कोणी समजत नाही. मग एखाद्याने ते म्हणण्यास नकार दिला तर त्याचा अर्थ काय करावा?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांस धम्मदीक्षा दिली, तेव्हा दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या दोन ब्रह्मा, विष्णू, महेश आणि राम, कृष्ण यांना देव न मानण्याविषयीच्या आहेत. बुद्धधम्म स्वीकारणारे हे लोक श्रद्धाहीन नव्हेत. परंतु या देवांच्या बाबतीत ते निश्चितपणे न मानणारे होत. त्यांच्या भेटीचा शब्द ‘जय भीम’ हा झाला. त्याच्या प्रचाराचे श्रेय सामान्यतः कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते, म्हणजे तो दीक्षेपूर्वीच रुजू लागला होता. त्याच्याही मागे जाऊन पाहिले तर महार समाजाने वरिष्ठ जातींच्या लोकांस ‘जोहार’ घालावा अशी गावगाड्याची अपेक्षा असे. कोणी कोणास काय म्हणून भेटावे हे ज्या समाजात जातीने ठरविले होते तेथे अभिवादनाचा शब्द केवळ भेटीची खूण कधीच नव्हता. तो पायरीची खूण होता.

या पार्श्वभूमीवर एक तुलना करावी. सवर्ण घरात वाढलेला नास्तिक ‘राम राम’ म्हणतो आणि त्यात त्याला काही खटकत नाही. बौद्ध मनुष्य ते म्हणण्याचे नाकारतो. ‘अरे देवा’ हा उद्गार मात्र बौद्ध घरांतही ऐकू येतो. उद्गार राहिला आणि अभिवादन गेले. पहिल्या मनुष्यास वाटते की शब्दाचा अर्थ झिजून गेला आहे. तेव्हा दुसऱ्याचा आग्रह त्याला अनाठायी भासतो. परंतु शब्द झिजतो तो वापरणाऱ्याच्या हातात. ज्याला त्या शब्दाने कधी अडविले नाही, दूर ठेवले नाही, त्याच्यासाठी तो गुळगुळीत होतो. ज्याला त्याची धार लागलेली आहे त्याच्यासाठी तो तितकाच गुळगुळीत होईल असे नाही. अर्थक्षय हा शब्दाचा गुण आहे असे मानण्याची भाषाशास्त्राची रीत आहे. या उदाहरणावरून असे दिसते की, तो शब्द आणि वक्ता यांच्यातील नात्याचा गुण आहे. एकाच भाषेत, एकाच काळी, एकच शब्द एका समाजगटासाठी मृत व दुसऱ्यासाठी जिवंत असू शकतो.

जोतीराव फुले यांचे उदाहरण याच दृष्टीने पाहावे. ते नास्तिक नव्हते. सृष्टीचा एक निर्माता ते मानीत. तथापि त्यासाठी त्यांनी प्रचलित देवनामे न घेता ‘निर्मिक’ हा शब्द योजिला. त्यांना देव नको होता असे नाही. देवाच्या रूढ नावांना चिकटलेली समाजव्यवस्था नको होती.

व्यक्तिनामांच्या बाबतीतही हेच तारतम्य दिसते. गोपाळ गणेश आगरकर, रघुनाथ धोंडो कर्वे, ‘देवाला रिटायर करा’ असे लिहिणारे श्रीराम लागू, या बुद्धिवाद्यांच्या नावांत देवच देव आहेत, आणि त्यामुळे त्यांच्या विचारास बाधा आली असे कोणी म्हणणार नाही. याउलट आंध्रातील नास्तिक कार्यकर्ते गोरा यांनी १९३० साली, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, जन्मलेल्या मुलाचे नाव ‘लवणम्’ असे ठेवले. मिळालेले नाव वागविणे आणि नवे नाव देणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिली उद्गारासारखी आहे, दुसरी आशीर्वादासारखी; आणि अर्थाची जबाबदारी दुसऱ्या ठिकाणी येते.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. नास्तिकाच्या तोंडून निघणारा धार्मिक उद्गार हा श्रद्धेचा पुरावा नाही आणि विसंगतीचाही नाही. तो भाषेच्या वारशाचा भाग आहे. परंतु उद्गाराकडून अभिवादनाकडे, अभिवादनाकडून आशीर्वादाकडे व आशीर्वादाकडून शपथेकडे जावे तसतसा मूळ अर्थ अधिकाधिक जागा होत जातो, आणि ‘हे नुसते शब्द आहेत’ हे समर्थन दुबळे होत जाते.

क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास यातून एक व्यावहारिक सूचना मिळते. वक्त्याच्या बोलण्यात देवाचे नाव किती वेळा आले याची मोजदाद करून त्याच्या श्रद्धेविषयी काही कळणार नाही. तो कोणत्या ठिकाणी ते नाव घेण्यास कचरतो, कोठे थांबून दुसरा शब्द शोधतो, हे पाहिले तर पुष्कळ कळेल. सहज आलेला शब्द वक्त्याच्या घराविषयी बोलतो. टाळलेला शब्द त्याच्या मताविषयी बोलतो.

आणि जिन्याच्या पायरीवर अडखळलेल्या त्या गृहस्थास ओशाळण्याचे कारण नाही. त्याच्या स्नेह्याने मात्र एवढे लक्षात ठेवावे की, स्वतः तोही काल ठेच लागली तेव्हा ‘आई गं’ असेच म्हणाला होता, आणि त्याची आई आली नव्हती. ती यावी अशी त्याची अपेक्षाही नव्हती.